संप लांबचा असला की गोड

'डॅम्नेशन' ही मालिका अमेरिकेत नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाली आणि दहा भागांत, जानेवारी 2018 मध्ये, गुंडाळली गेली. नेटफ्लिक्समुळे ती भारतात पोचली आणि 2021 च्या सुरुवातीला आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्यावरून जी जुंपली, ती बरेच दिवस चालली. मी राहते अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मालिकाही आयोवातली, म्हणून दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीला ओढलं.

गोष्ट 1931 ची, महामंदीतली. सेथ डेव्हनपोर्ट हा पाद्र्याचं सोंग घेतलेला माणूस शेतकऱ्यांना संपावर काढतो, रस्ते अडवायला लावतो. संप मोडायला पैसे देऊन आणलेला क्रीली टर्नर समोर उभा राहतो. हे दोघे सख्खे भाऊ. पुढे गोळीबार भरपूर.

पुण्याच्या चुलतभावाचं मत पहिल्याच भागानंतर पक्कं झालं. "ताई, हा कुठला शेतकरी? बाहेरून येऊन पेटवणारा आहे हा." तेव्हा दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते, 'आंदोलनजीवी' हा शब्द संसदेतून नुकताच घरोघरी गेला होता. तो बोलत होता मालिकेबद्दल, पण रोख कुठे होता ते सगळ्यांना कळत होतं. अलिबागच्या मामानं उलट टोक गाठलं: मालिका फार मवाळ आहे, सावकारांना आणखी झोडायला हवं होतं.

इकडे आमच्या शेजारच्या निवृत्त शेतकरी आजोबांची तक्रार तिसरीच. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टात झालंय, ते म्हणाले, क्षितिजावरचे उंचवटे बघ, आयोवात असं काही असतं का? आणि दुसरं म्हणजे, त्यांचे वडील 1932 मध्ये रस्त्यावर उभे होते, पण पिस्तूल घेऊन नव्हे. रविवारी चर्चला जाणारा, रिपब्लिकनांना मत देणारा माणूस होता तो.

माझं मत आजोबांच्या बाजूनं झुकतं, आणि ते डोंगरांमुळे नाही. मालिकेनं सगळा संप एका बाहेरच्या बंदूकवाल्याच्या हातात देऊन टाकला, इथेच ती घसरली. आयोवातल्या खऱ्या संपाचा पुढारी मायलो रेनो तेव्हा 66 वर्षांचा होता, आयोवातच जन्मलेला, शेतकरी संघटनेत मुरलेला. मे 1932 मध्ये डे मॉइन शहरात फार्मर्स हॉलिडे असोसिएशन ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि ऑगस्टमध्ये सू सिटीकडे जाणारे रस्ते अडवले गेले. दुधाचे कॅन रस्त्यावर ओतले. कारण साधं होतं: क्वार्टभर, म्हणजे लिटरला जरा कमी, दुधाचे शेतकऱ्याला दोन सेंट मिळत आणि शहरातलं गिऱ्हाईक आठ सेंट मोजत होतं. मक्याला तर एवढाही भाव नव्हता, कोळशापेक्षा स्वस्त पडतो म्हणून लोक तो शेगडीत जाळत.

कम्युनिस्ट आले नव्हते असं नाही. आले. पण ते आले तेव्हा संप आधीच पेटलेला होता. भावाला हे सांगितलं तर त्यानं वाक्याचा पहिला अर्धा तेवढा उचलला.

मला मालिकेत जे हवं होतं ते लिलावांचं. बँकेनं शेत जप्त केलं की अवजारं, गुरं विकायला काढायची. त्या दिवशी सगळी पंचक्रोशी अंगणात जमायची. गायीला बोली दहा सेंट, नांगराला पाच. मध्येच कुणी परका खरी किंमत बोलू लागला की शेजारी त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहत, कधीकधी कोठाराच्या तुळईवरून फासाचा दोर लोंबत असे. शेवटी एक-दोन डॉलरांत सगळं घेऊन मूळ मालकाच्या हाती परत. याहून थरारक प्रसंग कुठला लेखक रचेल? एप्रिल 1933 मध्ये ल मार्स गावात तर जमावानं न्यायाधीश ब्रॅडलींना कोर्टातून ओढून नेलं, गळ्यात दोर अडकवला आणि यापुढे जप्तीच्या आदेशांवर सही करणार नाही अशी शपथ मागितली. ते बधले नाहीत. जमावानं त्यांना सोडलं, राज्यपालांनी लष्करी कायदा लावला. यात भला कोण आणि बुरा कोण हे ठरवणं सोपं नाही, आणि म्हणूनच ते पडद्यावर हवं होतं.

दूध ओतल्याचं सांगितल्यावर ग्रुप क्षणभर गप्प झाला, कारण जून 2017 मध्ये पुणतांब्यापासून सुरू झालेल्या संपात आपल्याकडेही दूध असंच रस्त्यावर गेलं होतं. भाऊ तेव्हा "हा निव्वळ माज आहे" म्हणाला होता; सकाळची दुधाची पिशवी आली नव्हती त्याच्या दारात. 1932 चं दूध मात्र त्याला "समजण्यासारखं" वाटलं. आजोबांचंही तेच. 2021 च्या ऑक्टोबरात ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे दहा हजारांवर कामगार संपावर गेले, त्यांतले पुष्कळसे आयोवातले, तेव्हा वडिलांच्या नाकेबंदीचा अभिमान बाळगणारा हा माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणाला, यांना काय कमी मिळतं? सुगीच्या तोंडावर त्यांच्या मुलाच्या कापणीयंत्राचे सुटे भाग अडकतील ही धास्ती होती. भावाला मात्र डिअरचे कामगार फार आवडले, त्यांच्या बातम्या तोच मला पाठवत होता!

मामाला मी विचारलं, चरीच्या संपावर मालिका का करत नाही कुणी? काळ तोच. 27 ऑक्टोबर 1933 ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही. 25 गावं, आणि 1939 पर्यंत शेतं पडीक. पोटासाठी लोक डोंगरातली लाकडं तोडून विकत. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आणलं. पिस्तुलं नाहीत, तोतया पाद्री नाही. सहा वर्षं नांगर न धरण्याचं नाट्य दाखवायला दिग्दर्शक मात्र कसलेला लागेल.

मामा म्हणाला, "अगं, पैसे कोण घालणार? खोतांचे नातू?" भावानं लगेच लिहिलं, झाली तर तो बघेल, पण दहा भागांच्या वर नको.