मायाळू शाळेची पारख

मुले एकमेकांशी मायेने वागतात अशी शाळा आपल्या पाल्यासाठी शोधायची असेल, तर पहिली खबरदारी ही घ्यावी की त्या शाळेतील मुले आपल्या दृष्टीस पडू नयेत. यासाठी शनिवारची दुपार उत्तम. शाळा सुटलेली असते, स्वागतकक्ष गारेगार असतो आणि भिंतीवर ‘करुणा’, ‘आदर’, ‘सहवेदना’ हे शब्द इतक्या ठळक अक्षरांत रंगवलेले असतात की, ज्या संस्थेने रंगाऱ्यावर एवढा खर्च केला तिच्याकडे हे गुण नसतील अशी शंका घेणे हा कृतघ्नपणाच ठरावा.

मधल्या सुट्टीत मात्र चुकूनही जाऊ नये. मी एकदा ठरल्या वेळेच्या आधी पोहोचलो आणि शिपायाने मला नळांजवळच्या बाकावर बसवले. तिसरी-चौथीतली मुले गोल करून डबे उघडत होती. एक मुलगा आपला डबा घेऊन आला, तसे दोघांनी काही न बोलता मांड्या पसरून गोलातली फट बुजवली. तो क्षणभर उभा राहिला आणि मग नळावर जाऊन बाटली भरू लागला. बाटली भरलेलीच होती. पाणी वरून वाहत होते, तरी घंटा होईपर्यंत तो ती भरत राहिला. बाई तिथेच उभ्या होत्या, पण कोणी अन्न सांडत नाही ना एवढेच पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि ते त्यांनी चोख बजावले. असले काही पाहिल्यावर माहितीपत्रकाचा गुळगुळीत कागद हाताला पहिल्यासारखा लागत नाही.

करुणेचा उपक्रम असलेली शाळा अवश्य निवडावी. वर्षातून एकदा बसने अनाथाश्रमात जाऊन बिस्किटे वाटणे आणि छायाचित्र काढणे एवढे त्यात पुरते. गरिबाचे मूल रोज शेजारच्या बाकावर बसू लागले की मात्र करुणेवर फार ताण येतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतही प्रवेशस्तरावरील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायला लावल्या, त्याच मुलांना पालकांच्या गप्पांत ‘ती मुले’ म्हणतात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले, तेव्हा अनेक मायाळू मनांना हायसे वाटले असावे. पण मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्दच केला. याच कायद्यान्वये प्रवेशासाठी बालकाची किंवा पालकांची चाळणी लावण्यासही मनाई असून पहिल्या खेपेला 25 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून जाणत्या शाळा मुलाखत घेत नाहीत, ‘संवाद’ साधतात. संवादात वडिलांचा हुद्दा आधी विचारला जातो. आपला हुद्दा सांगण्याजोगा असल्यास याबद्दल तक्रार करू नये.

शेवटी मुख्याध्यापकांना विचारावे की, आपल्याकडे मुले एकमेकांना त्रास देतात का? ‘आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत’ असे उत्तर तत्काळ मिळाले, तर तिथेच धनादेश लिहावा. मला एका जुन्या, पत्र्याच्या छपराच्या शाळेत भलतेच उत्तर मिळाले. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘‘देतात हो. गेल्या महिन्यात पाचवीतल्या चौघांनी एकीला ‘ढापणी’ म्हणून पार रडकुंडीला आणले होते. रोज बसून बोलत होतो, तीन आठवडे लागले. एकाचे अजून चालूच आहे.’’ इतक्या उघडपणे कबुली देणाऱ्या संस्थेत मूल कोणत्या भरवशावर घालायचे, असा विचार मी करतो आहे तोवर त्यांनी चष्मा पुसत विचारले, ‘‘आणि तुमचा मुलगा? तो कोणाला त्रास देतो का?’’

मी अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि चहा न घेताच निघालो.