कळसूबाईची मिजास आणि टिटिकाकाचा दम

सह्याद्रीत वीस-पंचवीस वर्षे भटकलेल्या माणसाला स्वतःच्या दमाविषयी एक छुपा अहंकार असतो. तो उतरवून घ्यायचा असेल, तर पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरासारखी दुसरी जागा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर आहे. ज्या कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहून आम्ही उभ्या महाराष्ट्राकडे तुच्छतेने पाहतो, ती १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली, तरी टिटिकाकाचे पाणी तिच्या डोक्यावरून पाचशे मीटर वर राहते. हे साधे गणित मी परत आल्यावर केले, यातच सगळे आले.

शहाणी माणसे कुस्कोसारख्या उंचावरच्या ठिकाणी शरीर सरावेपर्यंत चार दिवस काढून मग बसने सरोवराकडे येतात. आम्ही दिवस वाचवायला म्हणून समुद्रकाठच्या लिमाहून विमानात बसलो आणि दीड तासात सरोवराजवळच्या हुलियाकाला उतरलो. विमानतळाबाहेर बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्याच क्षणी सत्तरीच्या एक आजीबाई पाठीवरच्या रंगीत कापडात बटाट्यांचे भलेमोठे ओझे बांधून माझ्या शेजारून टुणटुणीत चालीने निघून गेल्या. पुढे सरोवरकाठच्या पूनोच्या वाटेवर टॅक्सीत मोठा आवाज झाला आणि चालकाने टायर फुटला असे समजून गाडी कडेला घेतली. फुटले होते ते माझ्या सॅकमधले भडंगाचे पाकीट. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असल्यामुळे ते उशीसारखे टम्म फुगले होते आणि एका खड्ड्याने त्याचा निकाल लावला. चालकाने सीटवर सांडलेल्या चिरमुऱ्यांपैकी दोन चाखून पाहिले, पसंतीची मान हलवली आणि गाडी सुरू केली.

उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या त्रासाला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात आणि त्यावर कोकाच्या पानांचा चहा देतात. मुक्कामाच्या घरमालकीणबाईंनी तो पुढे ठेवताना एकच शब्द उच्चारला, ‘डेस्पासियो’, म्हणजे हळू. माझ्या मित्राला मात्र चहा नको होता, त्याला मुगाची खिचडी हवी होती. त्याने सामायिक स्वयंपाकघरात पातेले चढवले आणि पाणी खळखळताना पाहून समाधानाने बसून राहिला. या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उकळणे आणि शिजणे या दोन गोष्टींची इथे फारकत झालेली असते. दीड तासाने तांदूळ कसेबसे मऊ झाले, डाळ मात्र खडीसारखीच राहिली. मालकीणबाई हा प्रयोग दारातून शांतपणे पाहत होत्या. अखेर त्यांनी फडताळातून प्रेशर कुकर काढला आणि एक शब्दही न बोलता आमच्यासमोर ठेवला. घरापासून हजारो मैलांवर शिट्टी ऐकून मित्राचे डोळे पाणावले, आणि ते सोरोचेमुळे होते असे तो आजही सांगतो.

खरी शोभा झाली ती आमान्तानी बेटावर. पूनोहून बोटीने तीन-साडेतीन तासांवरच्या या बेटावर पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्याच घरी होते. धक्क्यावर आमच्या यजमानीणबाई घ्यायला आल्या होत्या आणि घर डोंगराच्या बरेच वर होते. चढता चढता त्या टकळीवर लोकर कातत होत्या आणि मागे वळून क्वेचुआ भाषेत काहीबाही विचारत होत्या. त्यांची टकळी दोन्ही अर्थांनी चालू होती, आमची मात्र पूर्ण बंद. दर तीस पावलांनी मी निसर्गसौंदर्य पाहण्याच्या मिषाने थांबत असे. चौथ्या वेळी त्यांनीही माझ्याबरोबर थांबून गंभीर चेहऱ्याने निसर्गसौंदर्य पाहिले, तेव्हा आपली लबाडी उघडी पडली आहे हे मला कळले.

रात्री किनोआचे सूप आणि उकडलेले बटाटे खाऊन आडवे व्हावे, तर पाहुण्यांसाठी नाच होता. आमच्या अंगावर पोंचो आणि डोक्यावर कानटोपी चढवून आम्हाला सभागृहात नेले. बासरी आणि ढोलाच्या तालावर हात धरून गोल फिरायचे, इतकेच. पण पहिल्याच फेरीत मला फुगडीत सापडलेल्या जावयासारखे वाटू लागले. गाणे संपेना आणि यजमानीणबाई हात सोडेनात. त्यांच्या नक्षीदार घागऱ्याचा घेर वाढत गेला, तसा माझा श्वास आखूड होत गेला.

प्रवासाच्या गमती लिहिताना तिकडच्या माणसांचे कपडे, जेवण, चालीरीती यांना हसण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मला ती चुकीची वाटते, कारण टिटिकाकाकाठी हसण्याजोगे जे काही घडले, त्यात विदूषक आम्हीच होतो. तीन दिवसांत पूनो आणि बोलिव्हियातले कोपाकबाना व ला पाझ असा कार्यक्रम आखणाऱ्यांनी पहिले दोन दिवस निव्वळ लोळण्यासाठी राखून ठेवावेत, असे माझे सांगणे आहे. त्याला आळस म्हणू नये.

बोलिव्हियात शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते, त्यात मित्राचे जेवण हुकले. कोपाकबानाला चर्चसमोर फुलांनी आणि झिरमिळ्यांनी सजवलेल्या गाड्यांची रांग होती. एक पाद्री बॉनेटवर पवित्र जल शिंपडत होते आणि मालक बिअरची बाटली फेसाळवत होते. झेंडूऐवजी दुसरी फुले आणि नारळाऐवजी बिअर एवढा फरक सोडला, तर हा आपला दसराच.

पुढे टिकिनाची सामुद्रधुनी लागते. तिथे प्रवाशांना उतरवून छोट्या होडीत बसवतात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढवून वेगळी पलीकडे नेतात. काठावर बोलिव्हियाच्या आरमाराचे खलाशी उभे होते. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात या देशाने आपला समुद्रकिनारा गमावला, आरमार मात्र त्याच्याकडे आजही आहे. होडी अर्ध्यावर आली तेव्हा मागून आमची बस एका बाजूला कलत, डुलत येताना दिसली. तिच्यात माझी सॅक होती आणि सॅकमध्ये पासपोर्ट. मित्र म्हणाला, ‘अरे, काहीतरी कर!’ मी त्याला शांतपणे म्हणालो, ‘डेस्पासियो.’ खरे तर ओरडण्याइतका श्वास माझ्याजवळ शिल्लक नव्हता.