ब्राउनसीचं शिबिर फक्त श्रीमंतांचं नव्हतं

स्काउटांचं पहिलं शिबिर म्हणजे बड्या घरच्या पोरांची सहल, हे एका लेखातलं वाक्य खटकलं. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर नेलेल्या विसेक मुलांत ईटन-हॅरो या बड्या शाळांतले होते, तशी जवळच्या पूल आणि बोर्नमथ गावांतल्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतली कामगारांची पोरंही होती. फीसुद्धा वेगळी: बड्या शाळांतल्यांना एक पौंड (म्हणजे वीस शिलिंग), कामगारांच्या पोरांना साडेतीन शिलिंग. आणि टोळ्या पाडल्या त्या मुद्दाम मिसळून. टोळ्यांना प्राण्यांची नावं, ओळखीला खांद्यावर लोकरीचा गोंडा: 'लांडगे' टोळीचा निळा, 'बैल' टोळीचा हिरवा.

आमच्या शाळेच्या शिबिरात नेमकं उलटं! 'अ' तुकडी एका तंबूत, 'क' दुसऱ्या. चार दिवसांत 'क'मधल्या पोरांशी बोललो ते पिठल्याच्या रांगेत, तेही 'ए, पुढे सरक' एवढंच.