टोस्टरची राखण

आमच्या घरी सकाळी टोस्ट खायचा असेल तर एक माणूस त्याच कामाला लावावा लागतो. कारण मला जुनी यंत्रं जमवायचा नाद आहे आणि आमचा टोस्टर त्यातलाच, दोन दारांचा आहे, त्याला बटण नाही, टायमर नाही, थर्मोस्टॅट नाही, प्लग लावला की चालू आणि काढला की बंद एवढंच त्याला कळतं. दार खाली पाडायचं, त्यावर स्लाइस ठेवायची, दार लावायचं. एक बाजू झाली की परत दार पाडायचं, मग स्लाइस आपोआप घसरत खाली येते आणि लावताना दुसरी बाजू आतल्या तापलेल्या तारेसमोर जाते. ही घसरगुंडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी एकटाच किचनमध्ये टाळ्या वाजवत होतो. अडचण एवढीच की "अजून पांढराच आहे" आणि "गेला!" यांच्यात फारतर पाच-सहा सेकंद असतात आणि मला फोन बघायची हुक्की नेमकी तेव्हाच येते.

"अरे, 1921 साली एका माणसाने टोस्ट आपोआप वर यायचं पेटंट घेतलंय," बायको चाकूने काळं खरवडत म्हणाली. "ही बातमी तुझ्यापर्यंत कधी पोचणार?"

पेटंटची माहिती तिला मीच दिली होती, हे जास्त लागलं. चार्ल्स स्ट्राइट त्याचं नाव. मग मी नायक्रोमकडे वळलो, म्हणजे 1906 साली अल्बर्ट मार्शने निकेल-क्रोमियमच्या तारेचं पेटंट घेतलं म्हणून ही लालबुंद तार हवेत जळून तुटत नाही, आणि आपल्या टोस्टरमध्ये अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली तार अजून मूळचीच आहे वगैरे. "तार टिकली रे, ब्रेडचं काय?" याला उत्तर नाही.

तर घरात नियम असा झालाय की जे चालत नाही ते ओट्यावर नाही. शोपीस म्हणून काहीही ठेवायचं नाही. मला वाटलं सोपं आहे, चालवून दाखवू. पण जुनी वस्तू चालवून दाखवायची म्हणजे आधी ती उघडायची, आणि उघडायचा स्क्रू कधी रबरी पायाखाली तर कधी कंपनीच्या नावाच्या पट्टीखाली लपवलेला असतो, तो सापडेपर्यंत दुपार. आत ग्रीसचं मेण झालेलं. वायरवरचं कापड बोट लावलं की भुगा, म्हणजे वायर बदला, आणि अंग धातूचं असेल तर तीन पिनची घालून अर्थिंग द्या, नाहीतर हात लावल्यावर झिणझिण्या. शिवाय काहींच्या आत उष्णता अडवायला अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे फुंकर मारायची नाही, आणि इथे माझी निम्मी रिपेअरिंग फुंकर मारूनच होते!

एवढं करून सासूबाईंसमोर मिक्सर लावला. मोठा, जड, साठीच्या दशकातला, बाउलसकट. दोन मिनिटं असा काही घुमला की मी "आताचे मिक्सर काय..." अशी सुरुवात केली, आणि बुडातून धूर. थोडाथोडका नाही, खिडकी उघडावी लागली.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हे मिक्सरमध्ये आधीपासूनच असतं का तुम्ही बसवलंत?"

दोषी निघाला एक चिमुकला कपॅसिटर. मिक्सर चालू झाल्यावर रेडिओत खरखर येऊ नये म्हणून त्या काळी बसवायचे. इतक्या वर्षांत त्याचं कवच तडकतं, आत दमट हवा जाते आणि एक दिवस तो निरोप घेतो. म्हणजे कुणाच्या तरी रेडिओची काळजी माझ्या इज्जतीवर बेतली. मोटर मात्र ठणठणीत, हे मी धुरातही तीनदा सांगितलं.

शेवटी बायकोचं तोंड बंद करायला मी तो आणला, सनबीम कंपनीचा टी-20 टोस्टर, 1949 सालचं मॉडेल. यात खटकाच नाही. ब्रेड सोडला की तो स्वतः सावकाश खाली जातो, आणि आत मोटरसुद्धा नाही, तार तापली की किंचित लांबते आणि ते किंचित लांबणं तरफांनी वाढवून ब्रेड खाली उतरवतात. ब्रेडचा पृष्ठभाग किती तापला ते ओळखून बंदही स्वतःच होतो. फक्त तो 110 व्होल्टचा, आमच्याकडे 230. दुप्पट व्होल्टेज म्हणजे जवळपास चौपट उष्णता, थेट लावला असता तर मार्शची तारही वाचली नसती. म्हणून ट्रान्सफॉर्मर आला. तो दोन्ही हातांनी उचलावा लागतो, ओट्याखाली बसून गुणगुणतो, आणि बायकोने त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केलीय.

पण पहिल्या दिवशी ब्रेड खाली जायला लागला तेव्हा तीसुद्धा हातातलं काम टाकून बघत उभी राहिली. "परत कर," म्हणाली. परत केलं. चार वेळा केलं. पाचव्यांदा तो लावून आम्ही गप्पा मारत बसलो, आणि बऱ्याच वेळाने तिला आठवण झाली. टोस्ट कधीच वर आला होता, मस्त सोनेरी, पण ठक नाही की खट नाही, आला तो आवाज न करता, आणि पार गार होऊन बसला होता.

"म्हणजे यालाही माणूस लागणार," ती म्हणाली, आणि टोस्टरसमोर स्टूल ओढून बसली.