‘कृत्रिम ख्रिसमस ट्री घ्या, झाड वाचवा’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

डिसेंबर लागला की कोल्हापुरातील सोसायट्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर नेमाने फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो : ‘नाताळसाठी कृत्रिम झाड घ्या आणि एक खरे झाड वाचवा. एकदा घेतलेले झाड जन्मभर पुरते, ते पेट घेत नाही, त्यात अपायकारक काही नसते आणि नकोसे झाले की भंगारात देता येते. घेताना मात्र सर्वांत उंच आणि जास्तीत जास्त टिप्सचे, म्हणजे फांद्यांच्या टोकांचे, घ्या. नर्सरीतले झाड कुंडीत जगत नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.’ कृत्रिम झाड घेऊच नये, असे मला म्हणायचे नाही. येथील अनेक घरांना तेच सोयीचे आहे. परंतु ते घेण्यासाठी या मजकुरात दिलेली कारणे तपासली, तर त्यांतली बहुतेक टिकत नाहीत आणि त्यांच्यावर विसंबून केलेली निवड सहसा चुकते.

झाड वाचवण्याची गोष्ट आधी घेऊ, कारण बाकीचा सगळा मजकूर तिच्यावर उभा आहे. युरोप-अमेरिकेत नाताळसाठी कापली जाणारी फर आणि स्प्रूसची झाडे बहुतांशी जंगलातली नसतात. ती शेतात पीक म्हणून लावली जातात, सहा-सात फूट उंच होण्यास साधारण 7 ते 10 वर्षे घेतात आणि तोडणीनंतर त्यांच्या जागी नवी रोपे लावली जातात. कोल्हापूरचा तर या तोडणीशी संबंधच नाही. येथे अमेरिकन मिशनचे काम 1852 मध्ये रॉयल वाइल्डर यांच्यापासून सुरू झाले, पण त्यानंतरच्या काळात येथील ख्रिस्ती घरांनी फरचे झाड तोडून आणण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ते या हवामानात उगवत नाही. येथे पर्याय आहेत ते सुरूच्या झाडाच्या फांदीचे, नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळणाऱ्या अरौकेरियाचे किंवा मोरपंखीचे, आणि प्लॅस्टिकच्या झाडाचे. महाद्वार रोडच्या बाजारातून प्लॅस्टिकचे झाड उचलल्याने कोणते झाड वाचले, हे मजकूर सांगत नाही, आणि सांगूही शकणार नाही.

दुसरा दावा टिकाऊपणाचा आहे आणि त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याच्यावर अधिक थांबायला हवे. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार साधारण साडेसहा फुटी कृत्रिम झाडामागे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. कापलेल्या खऱ्या झाडाचे हे प्रमाण ते वापरानंतर जाळल्यास सुमारे 3.5 किलो, तर कचऱ्याच्या भरावात कुजून मिथेन तयार झाल्यास सुमारे 16 किलो भरते. म्हणजे पहिल्या तुलनेत कृत्रिम झाड किमान 12 नाताळ वापरावे लागते आणि दुसऱ्या तुलनेत तीनच. एकाच झाडाविषयी परस्परविरोधी आकडे का फिरतात, याचे एक मोठे कारण येथेच सापडते : खऱ्या झाडाचा शेवट कसा होतो, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने धरतो. आपल्याकडे ते कापलेले झाडच नसल्यामुळे ही तुलना जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्या हाती उरतो तो साधा भागाकार. तेच कृत्रिम झाड पाच वर्षे वापरले तर वर्षाला 8 किलो आणि वीस वर्षे वापरले तर 2 किलो. झाड आपोआप पर्यावरणपूरक नसते, त्याला तसे करायचे ते घरातल्या माणसांनी. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते सोपे नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकलेल्या झाडाच्या तारा दमट हवेत गंजतात, खोक्याला वाळवी लागते, आणि पत्र्याखालच्या उन्हाळी तापमानात पीव्हीसी या प्लॅस्टिकची पाती कडक होऊन झडू लागतात. झाड पूर्ण कोरडे करून, जाड कापडी किंवा प्लॅस्टिकच्या झाकबंद पिशवीत, पत्र्यापासून दूर ठेवले, तरच ‘जन्मभर’ या शब्दाला काही आधार उरतो.

पेट घेत नाही, हे विधान तर धोकादायक आहे. खोक्यावर ‘फायर रेझिस्टंट’ छापलेले असते, त्याचा अर्थ झाड सहजी पेटत नाही एवढाच. ते जळत नाही, असा नव्हे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते, म्हणून ते पेटायला वेळ लावते, पण पेटल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा डोळे आणि घसा जाळणारा वायू सोडते. अधिक खरी दिसणारी म्हणून महाग विकली जाणारी पीई, म्हणजे पॉलिइथिलीनची पाती, वेगळी प्रक्रिया केलेली नसेल तर मेणासारखी वितळून ठिबकत जळतात. शिवाय आग अनेकदा झाडापासून नव्हे, तर त्यावरच्या दिव्यांच्या माळेपासून सुरू होते. झाडाचा सांगाडा तारेचा असतो. माळेचे वेष्टन एका जागी खरचटले, तर त्या तारेत वीज उतरू शकते. एलईडीची, भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेली माळ घ्यावी, झोपताना ती बंद करावी आणि झाड मेणबत्तीपासून दूर ठेवावे. ज्या घरांत मुलांच्या हौसेखातर हे झाड देवघराशेजारी मांडले जाते, तेथे निरांजनाचेही भान ठेवायला हवे.

अपायकारक काही नसते, हेही सरसकट म्हणता येत नाही. पीव्हीसी टिकवण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात, आणि जुन्या स्वस्त झाडांत ती आढळली आहेत. आपल्याकडे 2021 मध्ये शिशाविषयी जे नियम झाले, ते पीव्हीसीच्या पाइप आणि फिटिंगपुरते आहेत. सजावटीच्या वस्तू त्यांत येत नाहीत. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नसले, तरी झाड उभारल्यावर हात धुणे आणि रांगत्या बाळाला पाती चघळू न देणे एवढे करावेच. झाडावर थर्मोकोलचा बर्फ भुरभुरवण्याची हौस मात्र सोडावी लागेल, कारण सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. गणपतीच्या मखरामुळे कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

उंची आणि टिप्सचा सल्ला निव्वळ विक्रेत्याच्या सोयीचा आहे. टिप्सचा आकडा झाडाची उंची आणि घेर यांच्याशी ताडल्याशिवाय काहीच सांगत नाही, आणि पाती अरुंद व पातळ असली तर मोठा आकडाही विरळच दिसतो. सहा फुटी झाडाला तीन-साडेतीन फूट रुंद जागा लागते; फ्लॅटच्या हॉलमध्ये तेवढा कोपरा गेला, की येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्याला जागा उरत नाही, आणि मराठी ख्रिस्ती घरात गव्हाणी व दारावरची चांदणी यांचा मान झाडापेक्षा कमी नाही. तीन-चार फुटी झाडाला माल कितीतरी कमी लागतो आणि ते माळ्यावर सहज मावते. दुकानात झाड उघडून पाहावे, फांदीवरून हात फिरवावा, पाती हातात येत असतील किंवा उग्र वास सुटत असेल तर परत ठेवावे. हुकात अडकवायच्या फांद्यांपेक्षा बिजागरीने खोडाला जोडलेल्या फांद्या दरवर्षीची उघडझाप अधिक सोसतात. तिवई लोखंडी असावी.

कुंडीतल्या झाडाविषयीची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. अरौकेरिया मूळचा पॅसिफिकमधील नॉरफोक बेटाचा. तो भरपूर उजेड मागतो आणि अंधाऱ्या हॉलमध्ये महिनाभर ठेवला तर खालच्या फांद्या गमावतो. चार-पाच दिवस आत ठेवून पुन्हा गच्चीत किंवा बाल्कनीत नेला, पाणी साचू दिले नाही आणि शेंडा छाटला नाही, तर तो कुंडीत वर्षानुवर्षे राहतो. त्याच्या फांद्या लवचिक असल्याने सजावट हलकी हवी. कुंडीत मावेनासा झाला म्हणून तो दारात, विजेच्या तारांखाली लावणे मात्र टाळावे, कारण जमिनीत तो पन्नास मीटरपर्यंत जाणारा वृक्ष आहे.

राहिला भंगाराचा मुद्दा. भंगारवाला लोखंडी तिवई घेईल. तारेत पिळलेले पीव्हीसी वेगळे करणे त्याला परवडत नाही आणि ते कचरा डेपोतच जाते. झाड नकोसे झाले असेल पण धड असेल, तर माळा काढून ते एखाद्या बालवाडीला किंवा नाताळचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाला नोव्हेंबरातच द्यावे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांची खरेदी झालेली असते.