मॅटियसने कुणाची परवानगी मागितली नव्हती

आज सकाळी एका ग्रुपवर एकाने कुणाच्या तरी निधनाबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. गेलेला माणूस 'त्यांच्यातला' होता म्हणे. मग याला वाईट कसं वाटलं? डोकंच फिरलं माझं.

प्राचीन रोममधला गायस मॅटियस आठवला. सीझर, ब्रूटस, सिसेरो यांच्या गर्दीत याला कोण विचारतो! रोमच्या सत्ताधीश सीझरचा मित्र, आणि वक्ता-राजकारणी सिसेरोचाही. सीझरचं यादवी युद्ध याला पटलं नव्हतं, तरी मित्राला सोडलं नाही. सीझरच्या कायद्याने उलट याच्याच मालमत्तेला खोट बसली. इ.स.पू. 44 च्या 15 मार्चला ब्रूटस वगैरेंनी स्वातंत्र्याच्या नावाने सीझरला मारलं, आणि हा उघड हळहळला. पुढे जुलैत सीझरचा वारस ऑक्टेवियन याने सीझरच्या विजयाचे खेळ भरवले, त्यातही याने लक्ष घातलं. झालं! लोक म्हणायला लागले, देश मोठा की मित्र?

सिसेरोला त्याने दिलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं. थोडक्यात असं: सीझरच्या मरणाने देशाचं भलं झालं, हे आधी दाखवा तरी. कशाचं दुःख करायचं हे गुलामसुद्धा स्वतःच्या मनाने ठरवतात, आणि तुम्ही 'स्वातंत्र्यवाले' मला तेवढंही देणार नाही?

आमचे बाबा असेच. विरुद्ध पक्षातला त्यांचा मित्र गेला तेव्हा तडक गेले, तिरडी बांधायलाही बसले. संध्याकाळी पक्षातले दोघं जाब विचारायला घरी. बाबा म्हणाले, "खांदा द्यायला गेलो होतो, मत द्यायला नाही." चहासुद्धा विचारला नाही त्यांना. आमच्या घरात!

हो, सीझर तहहयात हुकूमशहा होऊन बसला होता, मान्य. बाबांच्या त्या मित्रानेही निवडणुकीत कमी उचापती केल्या नव्हत्या, तेही मान्य. म्हणून काय? बाबांना ते ठाऊक नव्हतं? निवडणूकभर त्याला शिव्या घालणारे तेच होते की. रात्री मात्र किती तरी वेळ अंगणात नुसते बसून होते.

आणि सिसेरो? मॅटियसला लिहिताना जुन्या मैत्रीचे गोडवे. तत्त्वज्ञानावर लिहा म्हणून आपल्या मागे लागणारा मॅटियसच, हेही कबूल करतो. पण खुनानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा मॅटियसच्याच घरी उतरून आपल्या अ‍ॅटिकस नावाच्या मित्राला त्याच्याच चुगल्या लिहितो. वर त्या पत्रांत याचं नाव काय, तर टकल्या!