व्हिसा ऑन अरायव्हल : कोगनोळी

पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनो, बेळगावला जरूर या. कुंदा खा, मांडे खा, किल्ल्यातली कमल बस्ती बघा. फक्त तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घ्या.

१७ जानेवारीला येऊ नका. त्या दिवशी आम्ही, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढताना गेलेले १९५६ चे हुतात्मे आठवतो आणि पोलीस आम्हाला मोजतात. १ जूनलाही नको. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांना त्या दिवशी हिंडलग्याच्या स्मारकावर अभिवादन असतं, आणि जितकी फुलं तितके हवालदार असतात. १ नोव्हेंबर तर मुळीच नको. एका चौकात कर्नाटक राज्योत्सवाचा डीजे आणि दुसऱ्या चौकात मराठी माणसांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, म्हणजे एकाच गावात एकाच दिवशी लग्न आणि दहावं. गावाचं नाव 'बेळगावी' करायलाही २०१४ साली हीच तारीख मिळाली. (माझा फ्लेक्सचा धंदा आहे. त्या आठवड्यात मी इतके बोर्ड बदलले की निषेध नोंदवायला वेळच मिळाला नाही.) डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. ते आलं की आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा येतो आणि मेळाव्यामागोमाग जमावबंदी येते. उरलेल्या दिवसांत बहुतेक पाऊस असतो. छत्री आणा, पण काळी आणू नका.

आता प्रवेशाचं. हायवेनं आलात तर राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तुम्हाला कोणी अडवणार नाही, मात्र त्यासाठी तुम्ही कोणीच नसायला हवं. जगात इतरत्र मंत्री सरळ आत जातो आणि आपण रांगेत उभे राहतो. इथं रांग उलटी लागते. खोटं वाटत असेल तर डिसेंबर २०२२ आठवा. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नासाठी दोन समन्वय मंत्री नेमले होते, चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई. ते ३ तारखेला येणार होते, मग ६ तारीख ठरली, मग जिल्हाधिकाऱ्यांचा प्रवेशबंदीचा हुकूम निघाला आणि समन्वय मुंबईतूनच झाला. कारण अर्थातच सार्वजनिक सुरक्षितता. मंत्री आले नाहीत, त्यामुळे ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर दगड खायला महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे ट्रक तेवढे हजर होते. ट्रकवर प्रवेशबंदी नव्हती. ड्रायव्हर कोणत्याच खात्याचा मंत्री नसतो ना.

तरीही तुम्ही आमदार-खासदार असाल आणि यायचंच असेल, तर छगन भुजबळांचा धडा गिरवा. १९८६ साली ते वेश पालटून बेळगावात शिरले होते. त्या काळी दाढी काढली की माणूस बदलायचा. आता दाढी काढाल हो, पण काचेवरचा फास्टॅग कसा काढाल? एसटीनं यावं म्हणाल, तर तेही सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमधल्या भाषेच्या वादावरून कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडल्या. तेव्हा तिकीट मागताना भाषा वापरू नका, बोटं दाखवा. एक बोट म्हणजे एक फुल, अर्धं दुमडलं की हाफ.

मंत्र्यांना अडवल्याचं दुःख फार करू नका, आम्हीही करत नाही. आलेला नेता हुतात्मा चौकात हार घालतो, 'मी तुमच्या पाठीशी आहे' म्हणतो आणि संध्याकाळी कोल्हापुरात जेवतो. पाठीशी म्हणजे नेमकं किती किलोमीटर पाठीशी, हे एकदा मोजायला हवं.

आत आल्यावर पहिलं काम कलम पाठ करण्याचं. जुने लोक जमावबंदीला १४४ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्याच कलमाचा नंबर १६३ झाला. शांततेसाठी बाँड लिहून घेण्याचं १०७ होतं, ते १२६ झालं. आमच्याकडच्या कार्यकर्त्यांना हे आकडे पाढ्यांसारखे येतात. चहाच्या गाड्यावर 'तुझ्यावर कितीवं लागलंय?' असं विचारतात, डॉक्टरकडं शुगर विचारावी तसं.

मलाही एकदा १०७ लागलं होतं. गुन्हा असा की मी दहा बाय सहाचा एक फ्लेक्स छापला होता. त्यावर तारीख, वेळ आणि 'चला व्हॅक्सिन डेपो', म्हणजे मेळाव्याचं मैदान, एवढंच. चौथ्या दिवशी हवालदार दुकानात आला. मशीनवर कुणाच्या तरी बारशाचं बॅनर सरकत होतं, ते पुरं होईपर्यंत बिचारा टोपी काखेत धरून थांबला. मग निळा शिक्का मारलेला कागद पुढं केला. सगळं कन्नडमध्ये. मी म्हटलं, यातलं माझं नाव सोडून काही कळत नाही.

"वाचून दाखवू काय मामा?" म्हणाला आणि अस्सल बेळगावी मराठीत वाचू लागला. मी इसम शांतता भंग करण्याच्या प्रवृत्तीचा आहे. मी मोकळा राहिल्यास परिसरात भीती पसरण्याची शक्यता आहे. मी अमुक तारखेला हजर राहून, चांगल्या वागणुकीचा मुचलका का घेऊ नये याचं कारण द्यावं. एवढं वाचून त्यानं कागदाची घडी घातली.

"मनाला लावून घेऊ नकासा. वरनं आलंय. पंधरा-वीस जणांस्नी दिलोय."

मराठी प्रत मिळेल का विचारलं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाची सरकारी कागदपत्रं, सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे केंद्रानं फार पूर्वी ठरवलंय आणि त्यासाठी समितीवाले वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. हवालदार म्हणाला, मिळेल की, अर्ज करा. अर्ज कुठल्या भाषेत करायचा हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, म्हणून दोघांनी चहा घेतला.

तर पाहुण्यांनो, सल्ला असा की जामीनदार आधीच हेरून ठेवा. माझा जामीनदार शेजारचा हार्डवेअरवाला अण्णा, घरात-दारात चोख कन्नड. मी कागद घेऊन गेलो तर म्हणाला, "बर्री, कूडरी." म्हणजे या, बसा. सगळं ऐकलं, खिळे मोजणं न थांबवता. मग दुकान पोराच्या हवाली करून माझ्याबरोबर आला, मी वर्षभर शांत राहीन याची हमी कन्नडमधून सही ठोकून दिली आणि परतताना माझ्याच गाडीवर बसून माझ्याच महाराष्ट्राला शिव्या घातल्या. भाषेचा तंटा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

आता तुम्ही शिकलेली माणसं, म्हणून विचाराल की या सगळ्यावर देखरेख कुणाची? भरपूर आहे. देखरेखीला आमच्याकडं तोटा नाही.

जमावबंदीचा हुकूम चुकीचा वाटला तर तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. कुणाकडं? ज्यानं काढला त्याच्याचकडं. कलमातच सोय आहे, हुकूम काढणारा दंडाधिकारी स्वतःचा हुकूम स्वतः तपासून मागं घेऊ शकतो. तो तुम्हाला बोलावून म्हणणंही ऐकेल, फक्त तोवर मेळाव्याची तारीख उलटलेली असते, आणि मग हुकूम आपोआपच निकामी होतो. वर सुप्रीम कोर्ट आहे. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात कोर्टानं बजावलं की असे हुकूम पुन्हापुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. आमच्याकडं हा निकाल फार काटेकोरपणे पाळतात, हुकूम पुन्हापुन्हा निघत नाही, दर वर्षी नव्यानं निघतो. पोलिसांविरुद्ध तक्रारीसाठी राज्यात आणि जिल्ह्यात प्राधिकरणं नेमा, असं कोर्टानं सप्टेंबर २००६ मध्येच सांगितलंय. आमच्या गल्लीत मी विचारून पाहिलं. एकाला वाटलं ते वीज मंडळाचं असेल.

दोन राज्यांचे तंटे सामोपचारानं मिटावेत म्हणून १९५६ च्याच राज्य पुनर्रचना कायद्यात विभागीय परिषदा केल्या. आज कर्नाटक दक्षिण परिषदेत बसतं, महाराष्ट्र पश्चिम परिषदेत. भांडणारे दोन भाऊ वेगवेगळ्या पंगतीत बसवले की भांडण होत नाही, हे आमच्या आज्जीलाही माहीत होतं. शिवाय १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवलं. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समिती ठरली, कायदा-सुव्यवस्थेसाठी वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याखाली आणखी एक समिती ठरली आणि तणावाला बनावट ट्विटर खात्यांचाही हात असल्याचं निष्पन्न झालं. हे ऐकून आम्हाला फार हायसं वाटलं. १९५६ पासून आम्ही उगीच राज्य पुनर्रचनेला दोष देत होतो.

त्याच महिन्यात दोन्ही विधानसभांनी आपापले ठराव एकमतानं मंजूर केले. एकमत दोन्हीकडं होतं, फक्त एकमेकांशी नव्हतं. महाराष्ट्राचा मूळ दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. ८६५ गावांचा प्रश्न आहे, घाई करून कसं चालेल?

काही पाहुणे फार हळवे असतात. आमची कर्मकथा ऐकून म्हणतात, "अहो, तुम्ही निर्वासितच की!" कृपा करून असं म्हणू नका, कायद्यात बसत नाही. निर्वासिताला आधी घर सोडावं लागतं. माझे आजोबा शहापुरात जन्मले तेव्हा ते सांगली संस्थानात होते. मग मुंबई राज्यात गेले. १९५६ ला म्हैसूर राज्यात आणि १९७३ ला कर्नाटकात. एवढं स्थलांतर केलं पण परसातल्या आडापासून चाळीस पावलं हलले नाहीत. अशा माणसाला कुठल्या खिडकीवर उभं करायचं?

आणि आश्रयाचं म्हणाल तर भारतानं १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, आश्रय देण्याचा वेगळा कायदाही नाही. जे मिळतं ते सरकारच्या मर्जीनं. ती मर्जी कधी कधी मोठी असते हेही खरं. शेजारच्या जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी लोकांना १९६६ पासून जमीन आणि वसाहत आहे. त्यांना मिळाली, चांगलंच झालं. ज्यांचा देशच गेला त्यांच्याशी आम्ही कुठं बरोबरी करतो? मला हेवा वाटतो तो फक्त त्यांच्या नोंदणीच्या कागदाचा. माणूस कुठला, राहतो कुठं, सगळं एका कागदावर. १ सप्टेंबर २०२५ पासून तर परदेशी नागरिकांसाठी नवाकोरा कायदा आलाय, जुने चार मोडीत काढून. परदेशी माणूस लॉजवर उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती वर कळवतात. आमचा मंत्री यायचा म्हटलं तर चोवीस तास आधी कळवतात. सेवेत आम्हीच पुढं.

आम्ही आश्रय घेतो तो शिनोळीला. वेंगुर्ला रोडनं थोडं गेलं की चंदगड तालुका लागतो, म्हणजे महाराष्ट्र. बेळगावात मेळाव्याला परवानगी नाकारली की मंडळी शिनोळीला जाऊन घोषणा देतात. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' हे महाराष्ट्रात उभं राहून महाराष्ट्रालाच सांगायचं आणि जेवायला घरी कर्नाटकात यायचं. कुणाची शांतता भंगत नाही, शिनोळीच्या म्हशींचीसुद्धा नाही.

दुकान टाकायचा विचार असेल तर टेप घेऊन या. बोर्डावर साठ टक्के कन्नड हवं आणि तेही वरच्या भागात, असा २०२४ चा कायदा आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी, फोन नंबर आणि गणपती. माझी मुलं हल्ली गणपती आडवा काढायला शिकलीत.

आमच्या त्या हवालदाराचं मात्र अगत्यानं सांगायला हवं. गेल्या डिसेंबरात पुन्हा आला. मी मशीन बंद केलं आणि हात पुढं केला, द्या काय आणलंय ते. तर खिशातून मुलीचा फोटो काढला. पहिला वाढदिवस, गल्लीत मांडव घालणार, आठ बाय चारचा फ्लेक्स हवा. वर कन्नड, खाली मराठी. "आज्जी मराठी हाय तिची, रुसती."

मी म्हटलं, साहेब, फ्लेक्स देतो, पण तुमच्या भागात परवापासून जमावबंदी आहे. पाच जणांच्या वर नको.

त्यानं तिथंच उभ्या उभ्या बोटं मोजली. आई, बाप, पोरगी, दोन्हीकडच्या आज्ज्या, एक आजोबा. सहा होत होते. पुन्हा मोजली.

"आजोबाला आतच बसवतो," म्हणाला.